कमी खर्चात घरामागच्या बागेत मोठा लाकडी डेक करायचा आहे. कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळच्या गावच्या घरामागे 20 बाय 20 फुटांचा डेक हवाय, निम्मी जागा उताराची आहे आणि बजेट बेताचं. मी गुहागरकडचा. आमच्याकडे डेक आहे, म्हणून आधीच सांगतो: 400 चौरस फूट लाकूड घालूच नका. उताराच्या बाजूला 10 बाय 12 चा डेक करा आणि सपाट भागाचं खळं, म्हणजे चोपून केलेलं अंगण, करा. बसायला जागा तेवढीच मिळते.

हिशोब बघा. एक इंच जाडीच्या फळ्या धरल्या तर 400 चौरस फुटांना 33 घनफूट लाकूड लागतं, कापण्यात वाया जाईल ते वेगळं. खालचा सांगाडा दोन बाय दोन इंची, 2 मिमी जाडीच्या बॉक्स पाइपचा, म्हणजे चौकोनी लोखंडी पाइपचा. त्याची 20 फुटी लांबी साधारण 18 किलो भरते. फळ्यांखालचे पाइप सोळा-सोळा इंचांवर आणि त्यांना आडवा आधार दर पाच फुटांवर दिला तर अशा एकवीसेक लांब्या जातात, म्हणजे पावणेचारशे किलोच्या पुढे लोखंड. सांगाडा वेल्ड करून देणारा फॅब्रिकेटर मजुरीही बहुतेक किलोवरच लावतो. 10 बाय 12 च्या डेकला लाकूड 10 घनफूट आणि लोखंडही तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तुमच्याकडचा दर घालून दोन्ही आकडे काढा, मग ठरवा.

उतारावर डेक का, तर तिथे खळं करायचं म्हणजे बांध घालून भराव टाकावा लागतो आणि पैसे त्यातच जातात. डेकला पाय लांब-आखूड केले की झालं. कातळ वर असेल तर खोल खणायचीही गरज नाही. प्रत्येक पाय काँक्रीटच्या छोट्या चौथऱ्यावर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वाळवी मातीतून येते. पाय मोकळे असले की तिच्या मातीच्या नळ्या लगेच दिसतात आणि झाडूने पाडता येतात. फळ्यांचं टोक कुठेही जमिनीला टेकू द्यायचं नाही. पाइपची उघडी तोंडं पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करा. आत पाणी शिरलं तर पाइप आतून कुजतो, आणि वरून रंग ठणठणीत असल्याने कळत नाही. वेल्डिंगच्या जागा घासून प्रायमर स्वतःच्या डोळ्यांदेखत मारून घ्या, खारी हवा तिथूनच सुरुवात करते.

इंटरनेटवर पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, लाकडाचा डेक फार दाखवतात. स्वस्त असतो हे खरं. पण ते बहुतेक पाइन, आणि त्यावरच्या 'एचटी' शिक्क्याचा अर्थ एवढाच की लाकूड तापवून त्यातली कीड मारलेली आहे. पुढे येणाऱ्या वाळवीशी त्याचा संबंध नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणाऱ्या आपल्या भागात ते घराबाहेर टाकायचं लाकूड नव्हे.

त्यापेक्षा जुनं लाकूड शोधा. आजूबाजूला कौलारू घरं उतरवून स्लॅब टाकण्याचं काम कुठे ना कुठे चालूच असतं. त्यातून आईन, किंजळ, नशीब असेल तर सागाच्या लाकडाचे वासे आणि तुळया बाहेर पडतात. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडला तर सोडून द्या. मिलवर चिरायला नेण्याआधी सगळे खिळे काढा. पातं तुटलं तर मिलवाला भरपाई मागतो आणि त्याचं बरोबरच असतं. स्वतःच्या आवारातला आईन तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आईन, किंजळ, आंबा, फणस सगळे आहेत.

फळ्यांमध्ये पाच-सहा मिमी फट ठेवा. आईन कडक असतो, आधी ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू जात नाही. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात. इथे काटकसर नको.

खळं तुम्हाला नवीन नाही. कडेला चिऱ्याची (जांभा दगडाची) एक ओळ, आत मुरूम, पाणी मारून धुम्मसाने ठोकणं, घराकडून बाहेर हलका उतार. पाऊस संपला की चोपून सारवलेलं खळं आणि वर बांबूचा मांडव, एवढ्यात मे महिन्यापर्यंत निभतं. दरवर्षी सारवणं जमणार नसेल तर चिऱ्याचीच फरशी घाला, फक्त पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो हे लक्षात असू द्या.

राहिलं पॉलिश. महागड्या डेक-ऑइलऐवजी काजूच्या टरफलाचं तेल वापरा, काजू कारखान्यात मिळतं. होड्यांनाही ते लावत आलेत. लाकूड काळपट होतं, मला ते आवडतं, घरच्यांना नाही. मात्र कच्चं तेल कातडीवर पडलं तर फोड येतात, जखमा चिघळतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात. चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत पोरांना वर चढू देऊ नका.