‘फाइल वाचायची आणि उडी मारायची’, यात करिअर आहे का?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून एका एआरएम (प्रोसेसरचा एक प्रकार) बोर्डासाठी छोटा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना मुख्य प्रोग्राम चढवणारा कोड, लिहिला. मेमरी कार्डावरच्या फॅट३२ फाइल सिस्टिममधून तो एल्फ (चालवण्याजोग्या प्रोग्रामचा फॉरमॅट) फाइल शोधतो, रॅममध्ये चढवतो आणि तिच्या एंट्री पॉइंटवर, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या पत्त्यावर, उडी मारतो. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे बोर्डाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नेहमी चालतो; खऱ्या बोर्डावर कधी चालतो, कधी गप्प बसतो. गाइड सर म्हणतात, ‘यू-बूटसारखा तयार बूटलोडर असताना हे कशाला?’ वर्गातले बहुतेक जण वेब किंवा एआयकडे वळलेत. यात नोकरी मिळते का? की वेळीच हे सोडून दुसरं काही शिकू?

उत्तर : आधी बोर्डाकडे बघू. नोकरीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

एल्फच्या प्रत्येक लोड सेगमेंटला, म्हणजे रॅममध्ये चढवायच्या तुकड्याला, दोन आकार असतात : फाइलमधला आणि मेमरीतला. मेमरीतला मोठा असेल, तर उरलेली जागा लोडरने शून्यांनी भरायची असते. बीएसएस, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स तिथे बसतात. प्रोग्रामचा स्वतःचा स्टार्टअप कोड ते काम करत नसेल आणि तूही केलं नसेल, तरी क्यूईएमयूत काही बिघडत नाही, कारण तिथली रॅम मुळात शून्यच असते. खऱ्या डीरॅममध्ये वीज आल्यावर काय असेल याचा भरवसा नाही.

दुसरा संशय कॅशवर, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीवर. डेटा कॅश चालू असेल, तर तू कॉपी केलेला कोड अजून कॅशमध्येच असू शकतो आणि प्रोसेसर सूचना उचलतो त्या वेगळ्या, इन्स्ट्रक्शन कॅशच्या वाटेने. एआरएमवर या दोघींचा मेळ आपोआप बसतो असं धरून चालत नाही. उडी मारण्याआधी डेटा कॅश क्लीन (आतला मजकूर बाहेर लिहून टाकणं), मग इन्स्ट्रक्शन कॅश इनव्हॅलिडेट (जुना मजकूर रद्द करणं), आणि मध्ये-शेवटी योग्य बॅरिअर (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणारी सूचना). क्यूईएमयू कॅशची नक्कल करत नाही, त्यामुळे ही चूक तिथे कधीच दिसणार नाही.

यू-बूटमधलं एल्फ चढवणारं फंक्शन उघडून बघ. सेगमेंट कॉपी होतो, उरलेला भाग मेमसेटने शून्य होतो आणि लगेच कॅश फ्लश होते. मोजक्या ओळी आहेत, पण तुझे दोन्ही प्रश्न तिथे सोडवलेले दिसतील. गाइड सरांच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. यू-बूट आहे म्हणून तुझा लोडर कुठल्या उत्पादनात जाणार नाही, जाऊही नये. पण स्वतः अडकल्यावर यू-बूटचा कोड वाचणारा आणि नुसता वाचणारा यांच्यात फरक पडतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला तो लवकर कळतो.

आता तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट. ‘कधी चालतो, कधी नाही’ असं लिहिलंस. कधी नाही, ते लिहिलं नाहीस. वीज पूर्ण तोडून सुरू केल्यावर बंद पडतो की रिसेट दाबल्यावर? रिसेटनंतर रॅममध्ये मागच्या खेपेचा मजकूर बऱ्याचदा शिल्लक असतो, म्हणून हा फरक नेमका बीएसएसकडे बोट दाखवू शकतो. डेटा कॅश बंद ठेवून बिघाड थांबला, तर संशय कॅशकडे जाईल. फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, नोकरीत दिवसचे दिवस याच प्रकारच्या नोंदींत जातात : कुठल्या परिस्थितीत, कुठल्या ओळीनंतर, सीरियल पोर्टवर शेवटचं अक्षर कोणतं उमटलं. यात रस वाटतो का, हे तपासायला आणखी एखादा कोर्स नको. हा बिघाड शेवटपर्यंत नेऊन बघ. नेताना नुसता वैताग आला, तर तेही उत्तरच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

नोकरीचा गाभा मात्र बिघाड शोधण्याच्या पुढे आहे. तुझा लोडर फाइलवर विश्वास ठेवतो. ती तूच बनवलेली असल्यामुळे आज ते चालून जातं. बाजारात गेलेल्या यंत्रात कार्ड कोणाच्याही हातात असतं. फॅटमधली क्लस्टरची (फाइलच्या तुकड्यांची) साखळी फिरून स्वतःलाच येऊन मिळाली तर तुझा कोड कायमचा फिरत राहील का? हेडरमधला ऑफसेट अधिक आकार ही बेरीज ३२ बिटांत न मावता गुंडाळली गेली, तर तुझी मर्यादेची तपासणी खुशाल पास होते. सेगमेंटचा पत्ता तुझ्या लोडरच्याच अंगावर पडत असेल तर? ऑपरेटिंग सिस्टिम असती तर तिने प्रोग्राम मारून टाकला असता. इथे खाली धरायला कोणी नाही.

या धास्तीला आधार आहे. २०२० मध्ये ग्रब२ बूटलोडरमध्ये ‘बूटहोल’ नावाची त्रुटी उघड झाली. बूटलोडरवर डिजिटल सही होती, पण त्याची कॉन्फिगरेशन फाइल सहीशिवाय वाचली जात होती. ती वाचताना होणाऱ्या बफर ओव्हरफ्लोमुळे (मजकूर ठरलेल्या जागेबाहेर सांडल्यामुळे) सिक्युअर बूटला, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देणाऱ्या व्यवस्थेला, वळसा घालता येत होता. २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ आलं : बूट होताना दिसणाऱ्या लोगोचं चित्र वाचणारा फर्मवेअरमधला कोडच कच्चा निघाला. दोन्हीकडे मूळ काम तुझ्यासारखंच, बाहेरून आलेली फाइल वाचणं. सहीबाबत आणखी एक नियम लक्षात ठेव : रॅममध्ये आणलेले बाइट तपासायचे आणि तेच चालवायचे. तपासायला एकदा आणि चढवायला पुन्हा असं कार्ड दोनदा वाचलं, तर मधल्या वेळात मजकूर बदलता येतो.

म्हणून माझा सल्ला : नवं काही सुरू करण्याआधी याच लोडरला संशयी बनव. फॅट आणि एल्फ वाचणारा भाग हार्डवेअरपासून वेगळा काढ, तोच लॅपटॉपवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून कंपाइल कर आणि एखाद्या फझरकडून (मुद्दाम बिघडवलेला डेटा आपोआप बनवणाऱ्या साधनाकडून) त्याच्यावर मोडक्या फाइलींचा मारा कर. पहिल्याच फेरीत काहीतरी कोसळलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. सापडलेलं प्रत्येक कोसळणं आणि त्याची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये ठेव. रेझ्युमेवर ‘बूटलोडर लिहिला’ या ओळीपेक्षा हा इतिहास कितीतरी जास्त बोलतो.

त्यानंतर यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकाकडे जा, कारण पीसी आणि सर्व्हरच्या जगात तेच चालतं. तिथे एल्फऐवजी पीई हा फॉरमॅट आहे. फाइल ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते आणि ६०व्या ऑफसेटवर पीई हेडर कुठे आहे ते लिहिलेलं असतं. फाइली फॅटच्याच एका खास विभाजनात राहतात, त्यामुळे तुझी निम्मी मेहनत तिथेही कामी येईल. नवीन भाग रीलोकेशनचा : इमेजला हवा असलेला पत्ता रिकामा मिळेलच असं नाही, म्हणून ती दुसरीकडे चढवून आतले पत्ते दुरुस्त करावे लागतात. ईडीके२ हा खुला कोड आणि क्यूईएमयूवर चालणारं ओव्हीएमएफ फर्मवेअर यांवर हे सगळं फुकट शिकता येतं. बोर्डही लागत नाही.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगते. वेबच्या तुलनेत जागा कमी असतात आणि नवख्यांसाठी त्याहून कमी. चिप बनवणाऱ्या कंपन्या, सर्व्हर आणि लॅपटॉपवाले, वाहनांची इलेक्ट्रॉनिक्स, एसएसडी, शिवाय एएमआय, इनसाइड, फिनिक्स यांसारख्या फक्त फर्मवेअर करणाऱ्या कंपन्या, हा साधारण पसारा. जाहिरातीत ‘बूटलोडर’ हा शब्द नसेलही. बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज), बायोस, प्लॅटफॉर्म फर्मवेअर, एम्बेडेड लिनक्स अशा नावांनी शोध. सुरुवात अनेकदा टेस्टिंग किंवा व्हॅलिडेशनमधून होते. त्याला नाक मुरडू नकोस, कारण खरे बोर्ड आणि डीबगर तिथेच हाताला लागतात. कागदपत्रं बऱ्याचदा गोपनीय असल्यामुळे केलेलं काम बाहेर दाखवता येत नाही, आणि घरी काय करतेस ते समजावणं अवघडच जातं. दुसऱ्या बाजूने, जमलेला माणूस या क्षेत्रात सहसा लवकर जुना होत नाही.

वर्गातल्यांचं म्हणशील, तर त्यांच्या निवडीत चूक काही नाही आणि तुला घाबरण्यासारखंही काही नाही. पायथॉन तुलाही लागेल, टेस्ट लिहायला. सी पक्की असू दे. असेंब्ली लिहिता नाही आली तरी चालेल, डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) वाचता आली पाहिजे.

चौथ्या वर्षाला निवड असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे दोन विषय घे. सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालणार असशील, तर त्याऐवजी एक जेटॅग डीबगर (चालू चिपच्या आत डोकावू देणारं उपकरण) घे.