सी४ शिकताना आधी प्रती मोज

कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांची, सी१ ते सी९ अशी सगळी साखळी पाठ करत बसू नकोस, महिनाभरात विसरशील. एकच जनुक धरून खोल उतर. माझ्या मते त्यासाठी सी४ सगळ्यात चांगलं.

ते सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या शेजारी असतं. त्याची रूपं दोन, सी४ए आणि सी४बी, आणि फरक जेमतेम चार अमिनो आम्लांचा. पण तेवढ्यामुळे सी४ए अमिनो गटांना चांगलं चिकटतं, तर सी४बी हायड्रॉक्सिल गटांना. शिवाय या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात, म्हणून नुसता डीएनएचा क्रम वाचून भागत नाही, प्रती मोजाव्या लागतात.

नवख्यांना हमखास चकवतं ते पुढचं. सी४ नसेल तर फक्त जंतुसंसर्ग वाढेल, असं वाटतं ना? प्रत्यक्षात ते पूर्णपणे नसलेल्या बहुतेकांना ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतं तो आजार, होतो! मेलेल्या पेशींचा कचरा उचलला जावा म्हणून त्यावर खूण करायचं काम हे प्रथिन करतं. ते थांबलं की शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. मला हे उमगायला फार वेळ लागला, तू इथे घाई करू नकोस.

उलट बाजूही आहे. सी४ए जास्त बनवणाऱ्या रूपांमुळे स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो, असं २०१६ मध्ये दिसलं. वाढ लहान आहे, एवढं ध्यानात ठेव.

आणि रक्तातलं सी४ कमी दिसलं की लगेच जनुकाला दोष देऊ नकोस. ल्युपस भडकला की ते खर्चही होतं. सी३ ठीक, सी४ एकटंच वारंवार कमी आणि अचानक सूज येत असेल, तर आधी सी१ इनहिबिटर, म्हणजे सी१ला आवर घालणारं प्रथिन, तपासायला हवं.