शाळेतल्या पोरांना इतिहासकारासारखा विचार करायला कसं शिकवायचं?

तुम्ही विचारलंय की पोरं सनावळ्या धडाधड म्हणतात, पण "हे आपल्याला कळलं कसं" म्हटलं की गप्प बसतात, मग काय करायचं. मी कोल्हापुरात हायस्कूलला इतिहास शिकवतो, त्यामुळं उदाहरणं इथलीच देतो, तुमच्या गावात तुमची सापडतील.

आधी एक, पाठ्यपुस्तकाला उगाच शिव्या घालू नका. बोर्डाच्या पुस्तकात सातवीचा पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे, नववीला परत तेच, दहावीला तर इतिहासलेखनाचे दोन धडे, रांके, मार्क्स असे युरोपातले विचारवंत सगळे हजर. पण होतं काय, भौतिक-लिखित-मौखिक पाठ केलं, रांके जर्मन एवढं लक्षात ठेवलं, एक मार्क खिशात आणि विषय संपला. एखादं साधन समोर ठेवून त्याला प्रश्न विचारायचा भाग राहूनच जातो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, एक अस्सल मजकूर नाहीतर एक दगड पोरांपुढं ठेवा आणि उत्तर तुम्ही देऊ नका.

आमच्याकडं शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला 50 टक्के आरक्षण दिलं हे कुठलंही पोरगं झोपेत सांगेल, म्हणून मी मुद्दाम तोच जाहीरनामा घेतो. मजकूर छोटासाच आहे, दोघांत एक झेरॉक्स वाटतो आणि सांगतो की पुस्तक विसरा, कागदात काय आहे तेवढंच बोला. तर कागदात निम्म्या नोकऱ्या दिल्या असं नाहीच! इथून पुढं ज्या जागा रिकाम्या होतील त्यातल्या 50 टक्के मागासलेल्या वर्गांतून भरा, असं आहे. म्हणजे खुर्चीत बसलेल्याला कुणी उठवलं नाही. आता मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. ही व्याख्या वाचून पोरं चक्रावतात, एकमेकांकडं बघतात, आणि आजच्या याद्या तेव्हाच्या कागदाला चिकटवायच्या नाहीत हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मजकुरातली एक ओळ मात्र सगळे वाचून सोडून देतात. हुकुमानंतर ज्या नेमणुका होतील त्यांचं पत्रक खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचं. मी फक्त विचारतो, ही ओळ कशाला घातली असेल? मग मागच्या बाकावरनं कोणतरी म्हणतं, "सर, हापिसातली लोकं ऐकणार न्हाईत हे म्हाराजांस्नी म्हाईत असणार." झालं की! जाहीरनाम्यात विरोधाचा एक शब्द नाही तरी पोरानं तो हुडकला. पण इथं शाबासकी देऊन थांबू नका, लगेच विचारा की हा तुझा अंदाज झाला, तो तपासायचा कशावरनं?

मग मी आकडे फळ्यावर लिहितो. महाराज 1894 ला गादीवर बसले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या 71 पदांपैकी 60 वर ब्राह्मण अधिकारी होते, 1912 ला 95 पैकी 35 वर. पोरं खूश, बघा सर हुकूम लागू झाला. आता मी उलट बाजू घेतो, अरे मधल्या काळात बोर्डिंगं म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं निघाली, 1901 ला मराठा बोर्डिंग सुरू झालं, बहुजनांची पोरं शिकायला लागली, मग फरक हुकुमानं पडला का शिक्षणानं? आणि पदं 71 ची 95 झाली त्याचं काय? बेल होते आणि भांडण मधल्या सुट्टीत चालू राहतं, मला तेच पाहिजे असतं. (हेडमास्तरांना आवाज जातो हा भाग वेगळा.)

सहावी-सातवीच्या पोरांना एवढा कागद झेपत नाही, त्यांना वीरगळ दाखवा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. करवीर तालुक्यात कसबा बीडला कितीतरी आहेत, बऱ्याच गावांत देवळाच्या आवारात एखादा तरी असतोच, तेल-शेंदूर लावलेला, त्यामुळं पोरं "देव हाय" म्हणून पाया पडून मोकळी. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई असल्या तर गाई सोडवताना पडला असावा. मग प्रश्न काढू द्या, नाव का कोरलं नाही, दगड कुणी उभा केला, पैसे कुणी घातले. फक्त नक्षी उठून दिसावी म्हणून खडू घासायला देऊ नका, दगड खराब होतो.

एक पथ्य पाळा, शिवजन्माच्या तारखेच्या वादापासून सुरुवात करू नका. उदाहरण झकास आहे, जेधे शकावली (जेधे घराण्यातली सनावार नोंद) आणि शिवभारत (महाराजांच्या काळातलं संस्कृत काव्य) दोन्हीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 येते, उशिराच्या बखरींत मात्र वेगळी तारीख, कुठलं साधन किती जवळचं हे शिकवायला याहून भारी काही नाही, पण नवख्या वर्गात पुरावा बाजूला राहतो आणि आवाज चढतात. वर्षअखेरीला घ्या.

पोर्शनचं म्हणाल तर महिन्याला एक तास निघतो. वहीत तीन रकाने करायला लावतो: साधनात आहे, साधनावरनं वाटतं, माहीत नाही. तिसरा रकाना कोरा सोडला तर मी वही परत देतो.