मुलीचं फॅलो टेट्रालॉजीचं (जन्मजात हृदयदोषाचं) ऑपरेशन बाळपणीच झालं. आता ती 17 वर्षांची, ठणठणीत आहे. तरी दरवर्षी तपासणीला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) न्यायला हवं का?

हो, न्यायलाच हवं. या ऑपरेशनमध्ये हृदयातलं छिद्र बुजवतात आणि फुप्फुसांकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. त्यानंतर तिथली झडप बऱ्याच जणांची गळते, म्हणजे रक्त उलटं मागे येतं. हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू मोठा होत जातो आणि मूल मात्र धावत-खेळत असतं! त्रास सुरू होईपर्यंत थांबलात तर झडप बदलायची योग्य वेळ निघून जाऊ शकते. म्हणून इको, ईसीजी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हृदयाचा एमआरआय.

माझ्या मते खरा धोका याच वयात आहे. मुलांचे डॉक्टर सुटतात, मोठ्यांचे अजून ठरलेले नसतात आणि फाइल घरच्या कपाटात पडून राहते. ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज कार्ड शोधा, फोटो काढून तिच्याच मोबाइलवर ठेवा. पुढच्या वेळी गोमेकॉत डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा. तिच्यासाठी मोठ्यांचा हृदयरोगतज्ज्ञ कोण, हेही तिथेच विचारा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू ठेवा.

दात काढायच्या आधी दंतवैद्याला ऑपरेशनचं जरूर सांगा. आणि पुढे कधी बाळाचा विचार केलाच, तर दिवस जाण्याआधी हृदयाची तपासणी, नंतर नव्हे.