कॉस्टिक खराब नाही, तेल तपासा

बेळगावकडच्या खानापूरच्या मित्रा, तुमची बायोडिझेलची पोस्ट वाचली आणि माझाच ६० लिटरचा ड्रम डोळ्यांसमोर आला. तुम्ही बायोडिझेल करायला हॉटेलचं वापरलेलं तेल, मिथेनॉल, कॉस्टिक पोटॅश घातलं, पण ग्लिसरीन खाली बसायचं सोडून सगळं दह्यागत घट्ट झालं. कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारं रसायन, इथं पोटॅश) खराब आला का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. माझंही तेच झालं होतं, आणि मी काय केलं तर आणखी पोटॅश ओतलं! उरलंसुरलंही घट्ट झालं. भज्यांच्या तेलात सुटं फॅटी ॲसिड असतं, म्हणजे तळताना तेल तुटून सुटलेलं आम्ल. पोटॅश आधी त्याच्याशी भिडतं, साबण आणि पाणी होतं. म्हणजे कॅटॅलिस्ट म्हणून घातलेलं पोटॅश तिथंच खर्ची पडतं.

रिफायनरीवाले हे चुकत नाहीत. त्यांच्या रिफॉर्मरमध्ये (नॅफ्थापासून पेट्रोलचा माल करायचं युनिट) कॅटॅलिस्ट प्लॅटिनमचा असतो, त्याला गंधक चालत नाही, म्हणून नॅफ्था (कच्च्या तेलातून निघणारा हलका भाग) आधी हायड्रोजन देऊन गंधकमुक्त करतात, मगच प्लॅटिनमसमोर नेतात. आपण मात्र मिरची भजी तळलेलं काळं तेल सरळ ड्रममध्ये.

तेव्हा आधी टायट्रेशन, म्हणजे तेलात सुटं ॲसिड किती ते मोजायचं. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये, दोन थेंब फिनॉफ्थॅलिन, आणि लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशचं द्रावण थेंबथेंब, गुलाबी रंग टिकेपर्यंत. माझ्या तेलाला ९ मिली लागलं होतं, म्हणजे सुटं ॲसिड जवळपास ५ टक्के. २-३ टक्क्यांच्या वर गेलं की सरळ पोटॅश नको. आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलने ते ॲसिड उतरवायचं, त्यात सुटलेलं पाणी काढायचं, मग पोटॅश.

मी हे तेव्हाच तपासून घ्यायला एका कार्यालयात नमुना दिला होता. अर्ज कन्नडमध्ये करून आणा म्हणाले. आणला, तर तीन आठवड्यांनी सांगतात, हे काम आमच्याकडं येतच नाही. तोवर ड्रम बाद. पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

जाता जाता: ॲल्युमिनियमचं पातेलं नको, पोटॅश त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. खानापूरच्या पावसात पोटॅशचा डबा उघडा राहिला की ते पाणी ओढतं, वजन खोटं येतं. मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं, वाफ पेट घेते, पोटात गेलं तर डोळे जातात. मी केमिस्ट नाही, हात भाजून शिकलोय; परवान्याचं तुमचं तुम्ही बघा.

टायट्रेशनला किती मिली लागलं ते इथं लिहा, मग पुढचं बोलू.