आजीची वाकळ फाटली म्हणून

प्रिय सोहम,

तू विचारलंस, आजीची वाकळ मधोमध फाटलीय, आई म्हणते नवीन ब्लँकेट मागवू, आजी म्हणते टाकायची नाही, मग आपल्यात फाटकं कापड टाकत का नाहीत आणि ठेवलं तरी त्याचं करायचं काय? हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. मस्कतहून फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा नीट लिहितो. पत्र आजीलाही वाचून दाखव. यातलं बरंचसं मी तिच्याच हाताखाली शिकलोय.

आधी पहिला प्रश्न. वाकळ, म्हणजे गोधडी, ही मुळात फाटक्या कापडाचीच असते. लुगडं काही सगळीकडून एकदम फाटत नाही. बसायच्या जागी आणि खालच्या घोळाशी ते आधी विरतं, बाकीचा भाग धड राहतो. आजी जावळीत नांदायला आली तेव्हा घरात नवं कापड सणावाराला किंवा लग्नाकार्यालाच यायचं. त्यामुळे धड राहिलेला भाग फेकून देणं कुणाच्या मनातही येत नसे. लुगडं जुनं झालं की शेतावर नेसायला, धुऊन धुऊन मऊ झालं की बाळाला गुंडाळायला, मग वाकळीला, वाकळही गेली की गरम भांडी उतरवायला आणि शेवटी पोतेऱ्याला. प्रत्येक कापडाचं पुढचं काम ठरलेलं असायचं. आजी टाकायची नाही म्हणते, कारण तिच्या हिशोबात त्या वाकळीची अजून दोन-तीन कामं शिल्लक आहेत. माझ्याही हिशोबात आहेत. आईलाही तसं सांग, आणि थंडीसाठी नवं ब्लँकेट हवं असेल तर तेही खुशाल मागवा, त्याचं आणि वाकळीचं भांडण नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि तो मला फार जवळचा आहे.

कात्री हातात घेण्याआधी वाकळ पलंगावर पूर्ण पसर. दुपारी खिडकीतून उजेड येतो तेव्हा पसर, म्हणजे टाके नीट दिसतील. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक दोन मीटरहून थोडा लांब भरतो. दोन शेजारी-शेजारी जोडले की वाकळीची वरची बाजू झाली, उरलेल्या दोनांची खालची. मधल्या थरात धोतरं, सदरे, जुन्या चादरी, जे मिळेल ते. आपल्या वाकळीच्या वरचं हिरवं इरकल लुगडं माझ्या आजीचं आहे, म्हणजे तुझ्या पणजीचं. आतले पांढरे थर बहुतेक आबांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, धोतरांचे.

आबांचं तुला थोडंच माहीत आहे. ते साताऱ्याकडून मुंबईत आले आणि मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायला लागले. त्या वेळी आजच्यासारखी ना ठरलेली मजुरी होती, ना फंड. १९६९ साली राज्यात माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांसाठी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी कामगारांची बांधलेली संघटना होती. मग घाऊक बाजार वाशीला हलला, माणसंही खाडी ओलांडून इकडे आली आणि आपलं कोपरखैरण्यातलं घर झालं. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आजोबांची हीच गोष्ट निघेल. गावाहून येताना आबांच्या बोचक्यात जी अंथरूण-पांघरुणं होती, त्यातलं हे एकच अजून घरात आहे. आजीने त्याला पुढे इथे, गॅलरीत बसून, खालून आणखी एक थर लावला. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं असायचं.

म्हणून पहिलं काम असं कर. वही घे, वाकळीचा चौकोन काढ आणि आजीला शेजारी बसवून एकेका ठिगळावर बोट ठेवत विचार, हे कुणाचं. ती सांगेल तसं चित्रात लिही. आत्याच्या परकराचा तुकडा तिला नक्की आठवेल, तो जांभळा आहे. उलट बाजूही विसरू नकोस, तिथे नंतर लावलेली ठिगळं जास्त आहेत. हे लिहून झाल्याशिवाय काहीही कापायचं नाही, एवढं माझं ऐक.

टाके कसे गेलेत तेही बघ. धावदोऱ्याची ओळ काठापासून सुरू होते, कोपऱ्यात वळते, फिरत फिरत आत येते आणि मधे संपते. पूर्वी सुगी उरकली की उन्हाळ्यात अंगणात वाकळ पसरायचे आणि शेजारणी येऊन एकेक बाजू धरायच्या, त्यामुळे कुठे टाके बारीक, कुठे मोठे, एकीचा हात कुठे संपला आणि दुसरीचा कुठे लागला हे कळतं. या फिरत्या ओळींचा एक फायदा आहे. मधे फाटलं तरी बाहेरच्या ओळी घट्ट राहतात. पण कुणी सरळ आडवं कापलं तर एकूण एक ओळ तुटते आणि थर सुटायला लागतात.

मग कापड चाचपून बघ. फाटलेल्या जागेच्या आसपास दोन बोटांनी हलकेच ताण. कापड धरून राहिलं तर ते धड आहे. कागदासारखं सुटलं तर ते विरलेलं आहे, त्यावर टाका टिकणार नाही. विरलेल्या भागाभोवती खडूने रेघ मार. मला वाटतं मधला हातभर भागच गेला असेल आणि घडीवरची एक रेघ, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की तिथे कापड तुटतं.

एवढंच गेलं असेल तर वाकळ कापायची गरजच नाही. ठिगळ लाव. ठिगळ फाटक्या जागेपेक्षा चारी बाजूंनी तीन बोटं मोठं घे, म्हणजे टाका धड कापडावर पडेल. कापड सुती आणि जुनंच घे, आजीच्या पेटीत साडीचे तुकडे असतील. नवंच घ्यायची वेळ आली तर मॅचिंग सेंटरमधून सुती अस्तर आणा आणि लावण्याआधी दोनदा धुवा. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढून फाडतं. दोराही सुतीच हवा. नायलॉनचा दोरा सहज तुटत नाही, पण तो विरलेल्या कापडाला आरीसारखा कापत जातो. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता होतो. गाठ दोन थरांच्या मधे लपव. बोटात आजीचं अंगुस्तान घाल, थर जाड आहेत, सुई उलटी टोचते.

ठिगळाचा रंग जुळला नाही तर नाही. तो लपवायचा नसतोच. गाडगे महाराज (१८७६–१९५६) ठिगळं जोडलेले कपडे अंगावर घालून गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणायचे. जमलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःच्या अंगावर चिंध्याच ठेवल्या. लाल इरकलाचं ठिगळ हिरव्यावर उठून दिसलं तर दिसू दे. ते तू लावलंस हे पुढच्याला कळू दे.

धुणं यानंतर. लोक आधी धुतात आणि मग शिवायला बसतात, तोपर्यंत बोटभर फाटलेलं वीतभर झालेलं असतं. निदान कच्चे टाके तरी आधी घाला. मशीनमध्ये अजिबात टाकू नका. भिजलेली वाकळ इतकी जड होते की स्वतःच्याच वजनाने टाके तोडते. पांढरं फडकं ओलं करून लाल काठावर घासून बघा, रंग लागला तर फक्त झटकून उन्हात ठेवायची, पाणी लावायचंच नाही. नाही लागला तर मोठ्या टबात साधं पाणी आणि रिठ्याचा फेस, हाताने दाबून दाबून. पिळायची नाही. बाहेर काढताना खाली चादर धरा आणि चादरीसकट दोघांनी उचला. दोरीवर टांगू नका, गच्चीत चटईवर पसरा.

पण समज, अर्ध्याहून जास्त विरली असेल तर?

तर आधी आजीला विचारा, जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात घालायची का. मला हाच मार्ग सगळ्यांत आवडतो. जुनीच्या वर-खाली आईच्या दोन सुती साड्या लावायच्या आणि नव्याने टाके घालायचे. जुनी दिसत नाही, पण वजन तिचंच, ऊब तिचीच. आजीने तिच्या सासूच्या वाकळीला थर लावला तो असाच, फक्त एका बाजूने. आता आईच्या साडीची पाळी आहे, असं मला वाटतं, पण साडी आईची आहे, तेव्हा तिने हो म्हणायला हवं.

ते झेपणारं नसेल तर मात्र कापायचं, आणि त्याची एक रीत आहे. जिथून कापायचं तिथे रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी धावदोऱ्याच्या दोन-दोन ओळी घालायच्या, मग मधून कात्री चालवायची. म्हणजे थर सुटत नाहीत. उघड्या कडेला गोट लावायचा. इरकलाचा काठ निघत असेल तर त्याचाच लावा, तो सगळ्यांत शेवटी विरतो.

कोपऱ्यांचे तुकडे बहुतेक धड निघतील. त्यातला सर्वांत मऊ तुकडा आत्याच्या बाळासाठी ठेव. आपल्यात बाळाला पहिल्यांदा जुनेरात गुंडाळतात. नवं कापड कितीही महाग असलं तरी त्याला खळ असते, शंभरदा धुतलेलं लुगडं बाळाच्या कातडीला बोचत नाही. दुपटं होईल त्याचं. वाकळ जड असते, म्हणून बाळाच्या अंगावर घालायचं नाही, ते जागं असताना खाली अंथरायचं. आत्याला हे आवडेल, जांभळ्या परकराचं ठिगळ त्या तुकड्यात येत असेल तर फारच.

दुसऱ्या तुकड्याचं आजीला बसकर कर. देवापुढे जपाला बसते तेव्हा फरशी गार लागते तिला, पावसाळ्यात जास्तच. लांबट पट्टी उरली तर तुझ्या टॅबची पिशवी होईल, आतून अस्तर लावायलाही नको, वाकळ स्वतःच गादी आहे. छोटे तुकडे गरम भांडी धरायला चालतील, पण तिथे जपून. मधल्या थरांत कुठे टेरिलिनचं शर्ट असण्याची शक्यता आहे आणि ते आचेने वितळून हाताला चिकटतं. एक दोरा काढून आईला जाळून बघायला सांग. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, टेरिलिन असेल तर कडक मणी होतो. मणी झाला तर तो तुकडा स्वयंपाकघरात नको.

आणि उरलेल्या पट्ट्या, ज्यांचं काहीच होणार नाही असं वाटेल, त्या पिळून गोल वळ आणि दोऱ्याने बांध. माठाखाली ठेवायला चुंबळ झाली. डोक्यावर ओझं घ्यायचं तर खाली चुंबळ लागतेच, आबांना ती डोळे मिटून वळता यायची. आजी दाखवेल, तिलाही येते.

हल्ली अशा वाकळी कापून जाकिटं आणि पर्स शिवतात, चांगल्या किमतीला जातात. फाटकी वाकळ कापून केलं असेल तर मला काही वाटत नाही. पण धड वाकळीला नुसत्या नक्षीसाठी कात्री लावलेली बघितली की जिवाला लागतं. टाके घालणाऱ्या बायकांनी ती कुणाला तरी पांघरायला मिळावी म्हणून घातलेले असतात. भिंतीवर फ्रेम करून लावायचं तू म्हणशील, तर आपल्या भिंतीला जूनपासून ओल येते, काचेमागे कापडाला बुरशी धरेल. घरात वापरात राहिली की रोज हात लागतो, वारा लागतो, ते बरं.

ठेवतानाची काळजी एवढीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आतल्या आत दमट होते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला. पावसाळा संपला की ऑक्टोबरात दोन तास ऊन दाखवा. दिवसभर नको, कडक उन्हाने सूत कमजोर होतं आणि रंग उडतो.

तुझा मित्र बेळगावकडचा आहे ना, त्याच्या आजीला विचार, त्यांच्याकडे कौदी, म्हणजे तिकडची वाकळ, असेल. तिच्या टाक्यांचा फोटो मिळाला तर मला बघायचाय. आपल्या वाकळीचे फोटो मात्र दोन्ही बाजूंचे पाठव, आणि खडूची रेघ नीट दिसू दे. किती विरलीय ते बघून ठिगळ की नवा थर हे रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजीबरोबर ठरवू. तोपर्यंत सुती दोऱ्याचं पांढरं रीळ आणि सात नंबरची सुई आणून ठेव. नाही मिळाली सात नंबरची, तर आजीच्या डब्यातली चालेल.

तुझा,
पप्पा