वाचकांचे प्रश्न : टायरमधली हवा

प्रश्न : पंपावर हवा भरणारा विचारतो, ‘किती मारू? पस्तीस?’ आणि मी मान डोलावतो. टायरवर मात्र ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय. खरा आकडा कोणता? – एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोन्ही नाहीत. ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा, आणि पस्तीस हा पंपावरचा सोयीचा आकडा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर सापडेल; काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. तिथे २३० किलोपास्कल किंवा २.३ बार लिहिलं असेल तर ते ३३ पीएसआय समजा. पुढच्या-मागच्या चाकांचे आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा स्टिकर पूर्ण वाचा.

हा आकडा गार टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोनेक किलोमीटरच्या आत चालली असताना. खरी गोची इथेच होते. घोडबंदर रोडच्या गर्दीतून पंप गाठेपर्यंत टायर तापतो आणि गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं. ते बघून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये हवा कमी निघणारच.

यावर उपाय म्हणजे स्वतःचं गेज. सकाळी इमारतीखालीच चारही टायर मोजा. समजा ३३ हवेत आणि एकात २९ निघाले, तर तूट ४ ची. पंपावर तोच टायर ३२ दाखवत असेल तर ३६ पर्यंत भरून घ्या. तिथल्या यंत्राचा काटा एक-दोनने चुकत असला तरी तूट बरोबर भरली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून खात्री करा.

धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा झिरपते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा मोजणं पुरे. नायट्रोजन भरला तरी यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर जरूर घ्या.

प्रश्न : मे महिन्यात एक्स्प्रेसवेने पुण्याला जाताना टायर फुटू नये म्हणून मी चार पीएसआय कमी ठेवते. बरोबर ना? – एक वाचक, खारघर

उत्तर : नाही, यात धोका उलट वाढतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते आणि त्या दुमडण्यानेच उष्णता तयार होते. वेग, पाच माणसं आणि डिकीतलं सामान यांची भर पडली की रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात, टायर फुटतो तो त्यामुळे. तापून वाढणारे चार-पाच पीएसआय स्टिकरवरच्या आकड्यात गृहीत धरलेले असतात. निघण्याआधी, टायर गार असताना, भरलेल्या गाडीच्या आकड्याइतकी हवा भरा. वाटेत, फूड मॉलवर थांबल्यावर, हवा सोडू नका.

कायम कमी हवेवर चाललेला टायर नक्षीच्या दोन्ही कडांना झिजतो, जास्त हवेचा मधोमध. आपला टायर एकदा वाकून बघा, मागचा हिशेब तिथे लिहिलेला असतो.

प्रश्न : एकाच टायरची हवा आठवड्यात पाच पीएसआय उतरते. पंक्चरवाल्याला खिळा सापडला नाही. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : मग हवा नक्षीतून जात नसावी. आधी टोपी काढून वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. फुगा आला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. ती किरकोळ किमतीत बदलून मिळते. मग वॉल्व्ह हलक्या हाताने वाकवून बुडाशी बघा. रबर तडकलं असेल तर बुडबुडे येतात आणि टायर उतरवून वॉल्व्हच बदलावा लागतो. नवे टायर टाकताना जुने वॉल्व्ह तसेच ठेवायची काटकसर करू नका.

वॉल्व्ह ठीक असेल तर रिम आणि टायर जिथे भिडतात ती कड दोन्ही बाजूंनी तपासा. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी रिमला तिथे गंज धरतो; टायर उतरवून तारेच्या ब्रशने घासून, सीलर लावून पुन्हा चढवावा लागतो. रिम अलॉयची असेल तर खड्ड्यात आपटून आतल्या बाजूने वाकली असण्याची शक्यता जास्त. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाही.

प्रश्न : सीएनजी गाडीतली स्टेपनी सिलिंडरमुळे सहसा निघतच नाही. किती हवा ठेवू? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : चारही टायरच्याच मापाची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा दोन-तीन जास्त ठेवा, पण टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावरच आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ६० पीएसआय, आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. दर तीन महिन्यांनी बाहेर काढून मोजा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचाच आकडा धरा, कारण सिलिंडरचं वजन रोज त्यांच्यावरच असतं.